जुनं घर विकायला काढताना: सांगलीत कमी खर्चात काय दुरुस्त करावं आणि काय तसंच सोडावं

सांगलीत जुनं घर बघायला आलेलं गिऱ्हाईक चपला काढायच्या आधीच दोन गोष्टी विचारतं: पुराचं पाणी कुठवर आलं होतं, आणि कागद कुणाच्या नावावर आहेत? रंगाचा विषय त्यानंतर निघतो. घरावर खर्चही याच क्रमाने करावा. बहुतेक लोक उलटं करतात. आधी रंगारी बोलावतात, पावसाळ्यात खालचे दोन फूट पापुद्रे सुटतात, आणि नेमकं तेच बघून गिऱ्हाईक दोन-तीन लाख पाडून मागतं.

आधी कागद

गावभाग, खणभाग अशा जुन्या वस्तीत घराचा मुख्य कागद म्हणजे मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. नगर भूमापन कार्यालयातून ताजा उतारा काढा आणि त्यावर नाव कुणाचं आहे ते बघा. अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद लावायला हवी. वारसांत बहिणीही येतात. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. त्यामुळे बहिणींची खरेदीखतावर सही तरी हवी, नाहीतर दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र तरी. नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेली संमती इथे चालत नाही. घर गुंठेवारीतलं, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या जागेवरचं असेल तर नियमितीकरणाचा दाखला शोधून ठेवा. गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल तर बँक तो मागणारच.

घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल चालू तारखेपर्यंत भरून पावत्या एका फाइलमध्ये लावा. हे सगळं व्हायला काही आठवडे जातात, म्हणून गवंडी बोलावायच्या आधीच अर्ज देऊन टाका.

पुराचं खरं सांगा

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या पुढे गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2005 आणि 2021 चे पूरही लोक विसरलेले नाहीत. पाणी कुठल्या गल्लीत कुठवर होतं हे शेजारी क्षणात सांगतात, त्यामुळे लपवण्यात काहीच हाशील नाही. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

त्यामुळे पाणी आलं असेल तर जोत्यापासून किती फुटांवर आलं ते टेपने मोजून लिहून ठेवा. कुठल्या वर्षी आलं, नंतर कुठल्या भिंतीचा गिलावा काढून नवा केला, वायरिंग कधी बदललं, तेही लिहा. बटणं आणि सॉकेट पूररेषेच्या वर घेतली असतील तर तो मुद्दा गिऱ्हाइकाला आवर्जून दाखवा. पाणी आलंच नसेल तर तेवढं एकच वाक्य बोला. त्यावर लांबलचक भाषण केलं की उलट शंका येते.

ओल नेमकी कुठून येते ते शोधा

सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

ओल तीन वाटांनी येते. जमिनीतून चढणारी ओल खालच्या दोन-तीन फुटांत दिसते. तिची वरची कड साधारण आडवी असते आणि त्या कडेला पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, फुटतो. छतातून उतरणारी ओल पावसाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात फक्त पिवळा डाग ठेवते. नळाची किंवा मोरीची ओल बारा महिने सारखीच राहते, आणि भिंतीच्या मागच्या बाजूला न्हाणीघर किंवा ओटा असतोच.

शंका असेल तर फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा टेपने पक्क्या चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतलं आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली ओल आहे. तिला खिडकी उघडी ठेवणं किंवा एक एक्झॉस्ट पंखा लावणं पुरतं.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीचं कारण बऱ्याचदा घराबाहेरच सापडतं. पागोळ्यांचं पाणी थेट जोत्याशी पडून भिंतीवर उडतं. अंगणात भर घालता घालता अंगणच जोत्याच्या वर आलेलं असतं. बाहेरच्या मोरीचं पाणी भिंतीकडे वळलेलं असतं. आधी पन्हळ लावा, माती खोदून जोतं किमान सहा इंच उघडं करा, आणि भिंतीलगत अडीच-तीन फूट रुंद फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा. तीन फुटाला एक-दीड इंच उतार पुरे. एवढ्यानेच कित्येक घरांची ओल निम्म्यावर येते.

आता आतला गिलावा. घर कशात बांधलंय ते आधी बघा. काळ्या दगडाचं जोतं आणि वर मातीत किंवा चुन्यात बांधलेली वीट किंवा पांढऱ्या मातीचे भेंडे असतील तर तिथे सिमेंटचा गिलावा करू नका. गवंडी तोच सुचवेल, कारण तो लवकर होतो. पण सिमेंट भिंतीतलं पाणी बाहेर सुकू देत नाही. दोन फुटांवर असलेली ओल वर वाट शोधते आणि दोन पावसाळ्यांत चार फुटांवर पोचते. त्यातच मातीची दरज, म्हणजे विटांमधला सांधा, आतून भुसभुशीत होते. गिऱ्हाइकाने बोटाने ठोकलं की बद्द आवाज येतो, आणि मग भाव पडतो.

अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा करा:

1. ओलीच्या रेषेच्या वर फूटभर जाऊन जुना गिलावा काढा. गिलावा ओलीच्या काठावरच थांबवला तर सांध्यावर पुन्हा डाग उमटतो.
2. दरजा अर्धा इंच खोल कोरा. लोणा सुक्या ब्रशने झाडून बाहेर टाका. तो पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात.
3. भिंत सुकू द्या. उन्हाळ्यात तीन-चार आठवडे, दिवाळीनंतर त्याहून जास्त. पंखा लावा, पण हीटर नको.
4. एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू. क्रश सँडमध्ये भुकटी जास्त असेल तर बारीक तडे जातात, म्हणून ती धुतलेलीच घ्या.
5. भिंतीवर पाणी शिंपडून दोन थरांत मिळून साधारण पाऊण इंच गिलावा करा. पहिला थर घट्ट झाल्याशिवाय दुसरा देऊ नका. तीन-चार दिवस हलकं पाणी शिंपडा आणि थेट ऊन लागू देऊ नका.

वीस फूट लांब आणि तीन फूट उंच पट्ट्याला दीड घनफूट चुना आणि साडेचार घनफूट वाळू लागते. या पट्ट्यावर वरून चुन्याची सफेदीच द्यावी, पातळ तीन हात. इमल्शन दिलं तर केलेलं काम फुकट जातं, कारण त्याचा पापुद्रा ओल पुन्हा आत कोंडतो.

घर सिमेंटमध्ये बांधलेलं असेल, म्हणजे साधारण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतलं, तर एकास चार सिमेंटचा गिलावा चालतो. त्याच पट्ट्याला एक पोतं सिमेंट आणि पाच घनफूट वाळू धरा. पोत्याला 200 मिली वॉटरप्रूफिंग लिक्विड मिसळा आणि सात दिवस पाणी मारा. पुट्टी लावायच्या आधी किमान चार आठवडे जाऊ द्या.

जुन्या घरांत भिंतीच्या खालच्या भागाला ऑइलपेंटचा पट्टा असतो. ओल तोच दाबून धरतो, म्हणून तो खरवडून काढावा लागतो. पट्टा जुना असेल तर रंगात शिसं असण्याची शक्यता धरा. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत 90 भागांची, मर्यादा 2017 मध्येच लागू झाली. त्यामुळे पाणी लावून ओलाच घासा. कारागिराने तोंडावर मास्क लावावा, लहान मुलांना त्या दिवशी घरात ठेवू नये, आणि चिखल गोळा करून पोत्यात भरावा.

भेगा

सांगलीच्या काळ्या मातीत भेगा पडणं नवल नाही. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यासोबत पाया हलतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग बहुतेक यातलीच असते. ती लगेच बुजवू नका. भेगेवर आडवा पीओपीचा पातळ ठिपका लावून त्यावर तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत ठिपका तडकला तर हालचाल चालू आहे. अशा वेळी स्थापत्य अभियंत्याला दाखवून लेखी अभिप्राय घ्या. त्याची फी घरावरच्या खर्चात सगळ्यात लहान असते, पण तो कागद गिऱ्हाइकाची भीती घालवतो. ठिपका तडकला नाही तर भेग व्ही आकारात कोरून, धूळ झाडून पॉलिमर मॉर्टरने भरा.

हॉल मोठा दिसावा म्हणून मधली भिंत पाडायचा विचार डोक्यातून काढा. जुन्या घरात तीच भिंत वरच्या तुळईचा भार घेत असते.

छत

कौलारू घर असेल तर मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट लावणं, उरका. फुटकी कौलं काढून त्याच मापाची जुनी कौलं बसवा. पाडलेल्या वाड्यांची कौलं स्वस्तात मिळतात आणि रंगही जुळतो. नवी लालभडक कौलं मध्ये मध्ये घातली तर दुरून ठिगळं दिसतात. कौलं उतरलेली असताना वासे आणि रिपा टोकदार हत्याराने टोचून बघा. हत्यार सहज आत गेलं तर तेवढाच वासा बदला, सगळं छप्पर नको.

वाळवी असेल तर जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे फूटभर अंतरावर 12 मिमीची भोकं पाडून औषध सोडावं लागतं. हे काम पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच करून घ्या आणि त्याचं हमीपत्र फाइलला लावा.

स्लॅब असेल तर पन्हळीची तोंडं बुजवून दोन इंच पाणी 24 तास तुंबवून बघा. मातीच्या धाब्यावर मात्र हे मुळीच करू नका. दोन इंच पाण्याचं वजन दर चौरस मीटरला 50 किलो होतं आणि जुनं धाबं ते पेलेलच असं नाही. गळती कोब्याच्या, म्हणजे स्लॅबवरच्या पक्क्या थराच्या, तड्यातून असेल तर तडे कोरून भरा, शेवाळ तारेच्या ब्रशने घासून काढा, आणि फायबर जाळी मध्ये घालून अॅक्रिलिक कोटिंगचे दोन हात द्या. दुसरा हात पहिल्याला काटकोनात फिरवा. डब्यावर लिहिलेलं क्षेत्रफळ गुळगुळीत पृष्ठभागाचं असतं. खडबडीत कोब्यावर माल पाव हिस्सा जास्त लागतो. हे कोटिंग बहुतेक वेळा तड्यांमुळे निकामी होत नाही. खाली ओला थर राहिला की फुगे येऊन ते सुटतं. दोन-तीन कोरडे, उन्हाचे दिवस गेल्यावरच हात घाला.

वीज आणि पाणी

वायरिंगला कापडी आवरण असेल किंवा दोनच तारा असून अर्थिंग नसेल तर सगळं बदलावं लागतं. पैसे कमी असतील तर भिंत न फोडता पीव्हीसी केसिंग-कॅपिंगमधून नवी तार ओढा. दिव्यांना 1.5 चौरस मिमी, सॉकेटला 2.5, गिझरला 4. मीटरजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि त्याखाली वेगवेगळे एमसीबी (भार जास्त झाला की पडणारे स्विच). गोल काळी बटणं काढून सगळीकडे एकसारखी पांढरी बटणं बसवली की खोली दहा वर्षांनी नवी दिसते. पण आत जुनी तार ठेवून नुसती बटणं बदलू नका. इलेक्ट्रिशियन सोबत घेऊन येणारं गिऱ्हाईक एक बटण उघडूनच बघतं.

नळाचं पाणी तांबूस येत असेल तर जुना लोखंडी (जीआय) पाइप आतून गंजलाय. सगळी लाइन बदलणं परवडत नसेल तर निदान टाकीपासून न्हाणीघर आणि ओट्यापर्यंतची सीपीव्हीसीच्या प्लॅस्टिक पाइपने बदला. मोरीचा वास येत असेल तर न्हाणी ट्रॅप (मोरीच्या तोंडाखालचं, पाणी धरून वास अडवणारं भांडं) उघडून स्वच्छ करा आणि त्यात पाणी टिकतंय का ते बघा. बंद घरात ट्रॅपमधलं पाणी वाळून वास येतो, म्हणून गिऱ्हाईक येणार त्या दिवशी सकाळी प्रत्येक मोरीत बादलीभर पाणी सोडा. कडप्प्याचा ओटा बदलायची गरज नसते. सांध्यांतली काळी घाण खरवडून एपॉक्सी ग्राउट भरलं आणि नळ नवा बसवला की भागतं.

फरशी आणि लाकूड

जुन्या शहाबादी किंवा मोझाइक फरशीवर नवी टाइल चिकटवू नका. जमीन जवळपास इंचभर वर येते, दारं अडकतात, उंबरा पायाखाली जातो आणि न्हाणीघराचा उतार उलटा होतो. मोझाइकला मशीन पॉलिश करून घ्या. शहाबादीच्या दरजा नव्याने भरून तिला घासून घेतलं तरी उत्तम दिसते. सागवानी खांब, चौकट आणि कडीपाट यांवर कुणी हिरवा ऑइलपेंट मारलेला असेल तर निदान दर्शनी चौकटीवरचा काढून पॉलिश करा. जुन्या घराकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो साग बघायचाच असतो. बाकी दारांच्या बिजागऱ्यांना तेल द्या, घासणारी कड रंध्याने घ्या आणि कडी-कोयंडे घट्ट करा.

रंग

गिलावा वाळला, वायरिंग झालं, पाइप तपासले, की मगच रंग. दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीचं दारं-खिडक्या वजा करून छतासह क्षेत्रफळ साधारण 520 चौरस फूट भरतं. त्याला दोन हात पुट्टीचं 40 किलोचं एक पोतं, प्रायमर पाच लिटर आणि साधं इमल्शन दोन हातांना सात-आठ लिटर लागतं. जुन्या चुन्याच्या थरावर थेट पुट्टी लावली तर ती थरासकट सुटते. भिंतीवर चिकटपट्टी दाबून ओढून बघा. पांढरी पूड सुटून आली तर आधी खरवडा. मागच्या खोल्यांना डिस्टेंपर पुरतं. पैसे वाचतात आणि दिसायलाही वाईट नाही. रंग सगळीकडे एकच फिका ठेवा. देवघर तेवढं स्वच्छ पांढरं.

लोखंडी गेट मात्र नीट करा, कारण गिऱ्हाइकाचा पहिला हात तिथेच लागतो. गंज घासून रेड ऑक्साइड, मग इनॅमलचे दोन हात.

पैसे कसे वाटावेत

एकूण दीड लाख असतील तर छताला 30 हजार, ओल आणि गिलाव्याला 35, विजेला 20, पाण्याला 15, रंगाला 30, गेट-दारं-फरशीला 10 आणि हाताशी 10 असं धरा. छत ठीक असेल तर त्याचे पैसे ओलीकडे वळवा, रंगाकडे नको. गवंड्याला मजुरी चौरस फुटावर ठरवा आणि माल स्वतः आणा. बिलं जपा: विक्रीच्या नफ्यावर कर भरताना सुधारणेचा भांडवली खर्च धरता येतो. साधी डागडुजी आणि रंग त्यात बसत नाहीत, म्हणून वायरिंग आणि पाइपलाइनची बिलं वेगळी करून घ्या आणि सीएला दाखवा. फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचन यांवर मात्र एक रुपयाही घालू नका. घेणारा ते स्वतःच्या पसंतीने करणार आहे, तुमचा खर्च भरून देणार नाही.

कधी काढावं

पितृपक्षात बहुतेक कुणी घर बघायला येत नाही, आणि पावसाळ्यात ओल लपत नाही. छताचं काम मेमध्ये करा. पुढचा पावसाळा त्याची परीक्षा घेईलच. गिलावा दसऱ्याच्या सुमाराला, रंग डिसेंबरात, आणि घर दाखवायला जानेवारीपासून. उसाची बिलं आणि हळदीचे पैसे हातात आलेली, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर बघणारी तालुक्यांतली मंडळी याच काळात फिरतात, आणि पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला इसार द्यायची त्यांची तयारी असते.

दाखवायच्या आधी माळा रिकामा करा. भंगारवाल्याला एकदाच बोलवून जुने पत्रे, मोडक्या खाटा, पितळेची गळकी भांडी देऊन टाका. माळा भरलेला असेल तर छत बघता येत नाही, आणि न दिसलेल्या जागी गिऱ्हाईक गळतीच धरून चालतं. फोटो सकाळी नऊच्या सुमारास सगळ्या खिडक्या उघडून काढा. दुरुस्तीच्या आधीचे आणि गिलावा काढल्यावरचेही फोटो फोनमध्ये ठेवा. "आत काय केलंय?" असं कुणी विचारलं की उघडी भिंत, कोरलेल्या दरजा आणि नवी तार त्यालाच दाखवा. इसार घेताना रक्कम वीस हजार किंवा त्याहून जास्त असेल तर ती रोख घेऊ नका, चेकने किंवा बँकेतूनच घ्या. व्यवहार पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापायचा असतो, ते इसार पावतीतच लिहून घ्या.